व्हायोलिनचा खांदा

फ्लॉरेन्स, ३ फेब्रुवारी १९८७

नीवेस बाई,

नाताळच्या कार्डाला उत्तर नाही. नव्या वर्षाच्या पत्राला उत्तर नाही. म्हणजे एक तर तू गेलीस, नाहीतर तुझं पेन तरी गेलं. तू गेली असतीस तर उबाल्दो पाद्र्याने लगेच कळवलं असतं, त्याला वाईट बातमी द्यायला मनापासून आवडतं. तेव्हा नवीन पेन घे.

काम निघालंय. मेच्या सोळा तारखेला आमच्या ताराबेला पेढीला पस्तीस वर्षं होतायत. मोठ्या राजवाड्यात समारंभ आहे. जुने कोट मांडणार, नवे कोट घालून मुली चालणार, जपानचे गिऱ्हाईक येणार. प्रोफेसर वान्नोत्सी म्हणून एक आहेत, ते पेढीचा इतिहास लिहितायत. रोज शिवणघरात येऊन बसतात, माझ्या डाव्या खांद्याकडे टक लावून बघतात आणि लिहून घेतात. पहिल्या दिवशी वाटलं माणूस वाईट नजरेचा आहे. तसं काही नाही गं, नुसता विद्वान आहे. पुस्तकात एक अख्खं प्रकरण आहे, 'व्हायोलिनवालीचा खांदा'.

हसू नकोस. हे सगळं तुझं करणं आहे. बावन्न साल आठव. मी शिवणकाम मागायला आलेले, तू मावसबहीण म्हणून सोबतीला, मावशीची शाल गुंडाळून दारात उभी, काखेत भाकरीचं गाठोडं. मास्तर ताराबेला मला वरखाली बघतात आणि म्हणतात, "शिवण राहू दे. मला कोट बेतायला अंग पाहिजे, ते तुझं आहे. पण मुली, हा डावा खांदा असा उतरलेला कसा?" शहरातल्या माणसाला सांगायचं कसं, की पाच वर्षांची असल्यापासून रोज झऱ्यावरून तांब्याची कळशी वाहतेय म्हणून? आणि तेवढ्यात दारातून तुझा आवाज: "ती व्हायोलिन वाजवते, साहेब!"

विचारलं होतं का तुला कुणी?

माझ्या अंगावरून लाकडी पुतळा केला. पुतळ्यावरून कटिंगचे कागद, कागदांवरून कोट. पस्तीस वर्षं ताराबेलाच्या प्रत्येक कोटाचा डावा खांदा उतरता. बटणावर व्हायोलिन, खोक्यावर व्हायोलिन, दुकानाच्या पाटीवर व्हायोलिन. आणि मी? मी म्हणत राहिले, आजोबा वारले तेव्हा वाद्य विकलं, परत हात लावणार नाही अशी शपथ घेतली. मास्तरांनी ती शपथ पस्तीस वर्षं पाळली. कधी एका शब्दाने विचारलं नाही.

काल विचारलं. आता एक्क्याऐंशीचे आहेत, डोळ्यांना नुसत्या सावल्या दिसतात. माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "ओत्ताविया, मी फार दिवसांचा नाही. समारंभात एकदाच वाजव. छोटंसं काहीतरी. कान अजून शाबूत आहेत माझे."

मी हो म्हणाले, नीवेस. नाही म्हणता येत नव्हतं, त्यांनी माझा हात सोडला नव्हता. आता वाजवलं तर जगासमोर तोंडघशी पडते, नाही वाजवलं तर म्हाताऱ्याचं मन मोडते.

तुझ्या जिभेने लावलेली आग. विझवायला तूच ये.

तावी

ता. क. कोट घालतेस की नाही? पंचविसाव्या वर्षी पेढीने मला दिलेला कोट मी स्वतः न घालता तुला दिला. दहा वर्षं झाली. एकदाही त्याच्याबद्दल चार शब्द लिहिले नाहीस. कसर लागली का?


सेर्रालूपो, १४ फेब्रुवारी

तावी गं,

मी जिवंत आहे, पेनही जिवंत आहे. दुकानात पाव विकून, घरी येऊन शेळी बांधून, मग टेबलाशी बसले की पेनाआधी मलाच झोप लागते. तुमच्यासारखं नाही बाई, दिवसभर नुसतं उभं राहायचं आणि लोकांनी अंगाला टाचण्या लावायच्या.

तुझ्या संकटावर उपाय एकदम सोपा आहे. हात मोडून घे. डावा. उजवा नको, त्याने पत्रं लिहितेस.

हात मोडायचा नसेल तर व्हायोलिन मोड. समारंभाच्या दिवशी जिन्यावरून पाड आणि मोठ्याने रड. तुला रडता छान येतं. माझ्या लग्नात माझ्या आईपेक्षा जास्त तूच रडलीस, लोकांना वाटलं नवरदेवाशी तुझंच काही होतं.

आणि माझ्यावर काय ओरडतेस? मी तुला नोकरी लावून दिली. 'कळशी' म्हणाले असते तर मास्तरांनी पाणी भरायला ठेवलं असतं. सतरा वर्षांच्या पोरीला त्या घटकेला सुचलं ते बोलले. तुला एकोणिसाव्या वर्षी काय सुचलं? तोंड उघडं टाकून उभी होतीस, दुपारच्या उन्हातल्या सरड्यासारखी.

मला वाटतं म्हाताऱ्याला खरं सांगून टाक. पण तुझा स्वभाव माहीत आहे. तू तीन महिने घाबरशील आणि मग जे करायचं नाही तेच करशील.

इकडे सगळं ठीक. चेस्टनटचं पीठ यंदा गोड आहे, पाठवते. उबाल्दो पाद्री तुला विचारत होता, म्हणाला ती बाई पस्तीस वर्षांत गावाकडे किती वेळा आली? मी म्हटलं, माझ्या लग्नाला आली, त्यानंतर फक्त बापाच्या मातीला आली, आईच्या मातीला आली, आता मी मेल्याशिवाय यायची नाही.

कोट बरा आहे. तुझी आठवण काढतो.

नीवेस


फ्लॉरेन्स, ९ मार्च

नीवेस,

पीठ मिळालं. केक केला, इरीदेने अर्धा खाल्ला. इरीदे म्हणजे आमची मुख्य शिवणकरीण, तुला माहीत आहे, जिचे टाके आतून रेशमाच्या पट्टीने बांधलेले असतात आणि जिभेला मात्र कसलीच पट्टी नाही.

तू म्हणालीस तसंच झालं. जे करायचं नाही तेच करतेय. व्हायोलिन शिकतेय.

चेक्केरिनी बाई म्हणून एक म्हातारी मास्तरीण आहे नदीपलीकडे. कुणाला सांगायचं नाही अशी तिला शपथ घालून गुपचूप जाते. पहिल्या दिवशी तिने वाद्य माझ्या हनुवटीखाली दिलं, मागे सरकली, चष्मा पुसला. म्हणाली, "बाई, तुम्ही पूर्वी वाजवायचात म्हणता?" म्हटलं, हो, लहानपणी. म्हणाली, "चाळीस वर्षं शिकवतेय. व्हायोलिनने डावा खांदा वर चढतो. खाली उतरलेला आजवर पाहिला नाही."

वर चढतो, नीवेस! वर! पस्तीस वर्षं अख्ख्या इटलीने चुकीच्या बाजूला खांदा पाडला आणि एका माणसाला शंका आली नाही! तू व्हायोलिन वाजवणारा माणूस उभ्या आयुष्यात पाहिला तरी होतास का?

आणि किती लोकांनी पाडला ते प्रोफेसरांकडून रोज ऐकतेय. अठ्ठावन्न सालचे लग्नाचे फोटो गोळा केलेत त्यांनी. प्रत्येक नवरी डावीकडे कललेली. एका फोटोत नवरी, करवल्या, सासू सगळ्याच कललेल्या, वरात कसली, बुडती नाव वाटते. मुलगी वाकडी उभी राहिली की आया म्हणायच्या, "सरळ हो, मोठी आली ताराबेलावाली!" टीव्हीवर बातम्या सांगणारी बाई आमचा कोट घालून एका खांद्याने बातम्या सांगायची. अडुसष्टला कॉलेजच्या पोरींनी आमच्या दुकानाच्या काचेवर लाल रंगाने लिहिलं होतं, 'व्हायोलिनं जाळा'. पाच वर्षांनी त्याच पोरी पहिल्या पगारात कोट घ्यायला आल्या. मीच उभी होते ना फिटिंगला, एकीच्या नखात अजून लाल रंग होता असं इरीदे शपथेवर सांगते. हाडांच्या एका डॉक्टरने तर पेढीला तक्रारीचं पत्र लिहिलं होतं. मास्तरांनी त्याच्या बायकोला कोट पाठवला, मग पत्रं थांबली.

प्रोफेसर म्हणतात, दोन लढाया बघून थकलेला देश त्या एका खांद्यात विसावला. मी मान हलवली. मनात म्हटलं, देश कशाला, कळशीच होती.

शिकणं कसं चाललंय विचारशील. वरच्या मजल्यावरच्या माणसाने काल दार ठोठावून विचारलं, मांजराचं नेमकं काय दुखतंय?

मास्तर दर सकाळी विचारतात, "सराव?" मी म्हणते, "चालू आहे." ते हसतात. नीवेस, माणूस इतका खूश मी पाहिलेला नाही. मला झोप येत नाही.

तावी

ता. क. पुन्हा विषय बदललास. कोट घालून फोटो काढ आणि पाठव. प्रोफेसरांना दाखवायचाय, गावातल्या बाईवर ताराबेला कसा बसतो ते.


सेर्रालूपो, २८ मार्च

तावी,

मांजराला बरं वाटतंय का आता?

पाहिला होता गं मी व्हायोलिनवाला. एकच. बेप्पोने नावाचा कोळसेवाला, सान लोरेन्सोच्या जत्रेत वाजवायचा. वाद्य छातीशी धरायचा, हनुवटीखाली नाही, आणि त्याचा डावा खांदा पार कमरेकडे चाललेला असायचा. मला काय माहीत तो कोळशाच्या पोत्यांनी गेलाय ते? मला वाटलं वाजवून वाजवून असा होतो. म्हणजे खोटं बोलले नाही. चुकीचं बोलले. फरक आहे. उबाल्दो पाद्र्याला विचारलं, तोही म्हणाला फरक आहे, पण विचार करून म्हणाला.

म्हणजे बघ, जपानपर्यंत गेला तो बेप्पोनेचा खांदा. बिचाऱ्याला कोट मात्र कधी मिळाला नाही.

फोटो पाठवतेय. बेकरीच्या दारात सुनेने काढलाय. तिला कॅमेरा धरता येत नाही, त्यामुळे नुसतं माझं तोंड आलंय. कोट खाली आहे. असं समज.

एक सांगू? हे व्हायोलिन सोडून दे. म्हाताऱ्याचे कान शाबूत आहेत म्हणालीस. ज्याचे कान शाबूत आहेत त्याच्यापुढे मांजर मारणं हे पाप. खरं सांगितलंस तर फार तर रागावेल. तुला काय हाकलणार? तुझा पुतळा आहे त्याच्याकडे, तुला हाकललं तरी तू तिथेच उभी.

नीवेस


फ्लॉरेन्स, ११ एप्रिल

नीवेस,

काल गिरणीचा फोस्को आला होता, आमच्या पेढीला लोकर तुमच्याच खोऱ्यातून येते. नमुने दाखवता दाखवता हसत म्हणाला, "ओत्ताविया, तुमच्या सेर्रालूपोत एक बाई रविवारी चर्चला ताराबेलाचा कोट घालून येते. उलटा! शिवणी बाहेर, बटणं आत. मानेवर नावाची पट्टी अशी झळकते, पेढीचं नाव लांबूनच वाचलं मी. सगळं गाव गालात हसतं."

शिवणघरात सगळ्या होत्या. इरीदेही होती. सगळ्या हसल्या. मीही हसले.

गावात ताराबेलाचा कोट एकच आहे.

दहा वर्षं विचारतेय कोटाचं, आणि तू गंमत करत राहिलीस. मी तुझी थट्टा सोसते, मलाही करता येते. पण ती घरी, पत्रात. चर्चमध्ये सगळ्या गावासमोर माझा कोट उलटा घालून मिरवायचा? बघा आमची शहरातली बाई काय पाठवते, असं? माझ्या पंचवीस वर्षांचा होता तो कोट.

आवडला नव्हता तर परत पाठवायचास.

समारंभाला यायची तसदी घेऊ नकोस.

ओत्ताविया


सेर्रालूपो, २६ एप्रिल

तावी,

पंधरा दिवस हे पत्र लिहितेय. चार कागद शेळीने खाल्ले असं सांगणार होते. शेळीने एकही खाल्ला नाही, मीच फाडले.

ऐक. आपण झऱ्यावर जायचो ते आठव. नुसती कळशी आठवू नको, चालणं आठव. वाट केवढीशी? दोघी शेजारी मावतील एवढीच. एका बाजूला दरी. तू मोठी, म्हणून तू दरीच्या बाजूला, डावीकडे. तुझी कळशी डाव्या हातात. मग माझी कुठल्या हातात असायची?

उजव्या.

कारण मधले दोन हात एकमेकींत असायचे. मला दरीची भीती वाटायची आणि तू म्हणायचीस, हात सोडलास तर कळशीसकट ढकलीन. बारा वर्षं असं चाललो आपण.

तुझा डावा खांदा उतरला, तावी. माझा उजवा. त्या दिवशी दारात मी शालीत होते, मास्तरांनी पाहिलाच नाही. आणि तूही कधी पाहिला नाहीस, कारण तू कायम माझ्या डावीकडून चालायचीस.

तुझा कोट आला त्या दिवशी दार लावून आरशापुढे घातला. डावीकडे तो खाली पडतोय, उजवीकडे मी खाली पडतेय. कोटाचा उजवा खांदा माझ्या कानाशी. कोट आणि मी भांडून दोन दिशांना निघालोय असं दिसत होतं. तुला काय लिहायचं होतं? की अख्ख्या जगाला बसतो, आणि तुझ्या बहिणीला बसत नाही? रडले थोडी. तुझ्याइतकं छान नाही जमलं.

मग वैतागून काढून फेकला, तो खुर्चीवर उलटा पडला. बघितलं तर उतरता खांदा आता उजवीकडे. घालून बघितला. तावी, देवाशपथ, हातमोज्यासारखा बसला. तुमच्या कोटाला अस्तर नसतं, आतल्या शिवणी रेशमात बांधलेल्या, बाहेरून दिसतं त्याहून आत सुंदर. बटणं आत जातात, म्हणून मी पट्टा बांधते. मानेवरची नावाची पट्टी मात्र उसवली नाही. उसवली असती तर फोस्कोला कळलं नसतं आणि तू रागावली नसतीस. पण त्या पट्टीवर तुझी पंचवीस वर्षं होती ना.

दहा वर्षं दर रविवारी घालतेय. उन्हाळ्यातसुद्धा. लोक हसतात, हसू देत. इथे हसायला दुसरं आहे काय?

तू गेल्यावर सगळे म्हणायचे, आता एकटीच आहेस तर दोन्ही हातांत कळश्या घे, तोल राहील. बरोबर होतं त्यांचं. नाही जमलं. डावा हात रिकामाच राहिला.

आता रागव हवं तर.

नीवेस


तार. फ्लॉरेन्स, ३० एप्रिल

सोळा तारखेला सकाळच्या बसने ये. दोन्ही कळश्या आण. कोट उलटाच घाल. पट्टी उसवलीस तर जीव घेईन. तावी


सेर्रालूपो, १८ मे

तावी,

पोचले. जाताना बसमध्ये दोन कळश्या मांडीवर घेऊन बसले होते, कंडक्टरने विचारलं, लग्नाला का? म्हटलं, लग्नाहून मोठं. शेवटची बस गाठायची म्हणून कळशी तिथेच टाकून टाळ्या संपायच्या आत पळाले. पुढचं तू लिही. मी माझ्या बाजूचं लिहिते, कारण तू सगळ्यांना सांगशील की तू घाबरली नव्हतीस.

पडद्यामागे तू राजवाड्याच्या नळाखाली कळश्या भरल्यास तेव्हाच मी विचारलं होतं, अर्ध्या भरूया का? तर म्हणे, "अर्ध्या कळशीने खांदा उतरत नाही." मोठी शहाणी. मग बाहेरून प्रोफेसरांचा आवाज आला, 'आता आपण तो सूर ऐकणार आहोत ज्याची ताराबेला पस्तीस वर्षं वाट पाहतेय', आणि तुझे दात वाजायला लागले. तेवढंच संगीत काय ते वाजलं त्या संध्याकाळी.

ती मधली वाट आपल्या झऱ्याच्या वाटेएवढीच होती गं. दोन्ही बाजूंना माणसं, दरी नव्हती, पण मला भीती तेवढीच वाटली. तू हात इतका दाबलास की अंगठी अजून रुतलेली आहे. मी कुणाकडे बघितलं नाही. नुसतं ऐकत होते. केवढी माणसं, आणि आवाज फक्त कळशीतल्या पाण्याचा. डुबुक, डुबुक. तुझी एकदा, माझी एकदा. लहानपणी आपण पावलं जुळवायचो, दोन्ही एकदम वाजाव्यात म्हणून. आठवलं तुला? अर्ध्या वाटेत जुळली.

सांडलं नाही. एक थेंब नाही. हे उबाल्दो पाद्र्याला कळव, माझं ऐकत नाही.

म्हातारा काय म्हणाला? माझ्या खांद्याला हात लावला तेव्हा मी डोळे मिटले होते, आणि कानात नुसतं पाणी वाजत होतं. नंतर पळालेच. लवकर लिही, शेळीसुद्धा विचारतेय.

नीवेस


फ्लॉरेन्स, २५ मे

नीवेस, पळपुटे,

सांगते. आधी हे कबूल कर की दात तुझे वाजत होते.

मास्तर पहिल्या रांगेत, काठीवर हनुवटी टेकून. त्यांच्यापुढे आपण थांबलो. ते कान देऊन ऐकतच होते, पाणी हलायचं थांबेपर्यंत. मग मला हळूच म्हणाले, "हे व्हायोलिन नाही." मी म्हटलं, "नाही, मास्तर. कधीच नव्हतं. हे होतं." आणि त्यांचा हात कळशीला लावला. गार तांबं. बोटं कडीवरून फिरली, मग माझ्या मनगटावर, कोपरावर, चढत चढत खांद्यावर. पस्तीस वर्षं जो खांदा खडूने आखला तो पुन्हा एकदा आखला त्यांनी. मान खाली घातली त्यांनी. मला वाटलं, संपलं. म्हाताऱ्याचं मन मोडलं मी.

मग दुसरा हात तुझ्याकडे गेला. तू डोळे मिटून उभी, म्हणून तुला त्यांचा चेहरा दिसला नाही. बोटांना शिवण लागली तसे दचकले. "हा कोट उलटा आहे." मी म्हटलं, हो. "आणि तरी बसतोय." म्हटलं, हो. "इरीदेची रेशमी पट्टी," म्हणाले, आणि मागून कुणीतरी हुंदका दिला. ती इरीदे होती. नंतर म्हणाली शिंक होती. तिचे टाके आजवर कुणी बाहेरून पाहिले नव्हते गं, घालणारीनेसुद्धा नाही.

एक हात माझ्या डाव्या खांद्यावर, एक तुझ्या उजव्या. दोन्हीकडे उतरतं छप्पर. मधे आपले हात. ते हात त्यांना दिसत नव्हते, म्हणून चाचपून बघितले. आणि विचारलं, "एकीची डावी, एकीची उजवी. असं का?"

मी म्हटलं, "मधले हात धरायला."

टाळ्या सुरू झाल्या आणि तू पळालीस. आता तू गेल्यावरचं सांगते. टाळ्यांत मला एकटीलाच ऐकू गेलं. म्हणाले, "म्हणजे पस्तीस वर्षं आम्ही अर्धीच जोडी शिवली."

रागावलेत का विचारलं. म्हणाले, "रागावलोय. तुझी बहीण दारातच उभी होती, आणि मी तिला शाल काढ म्हणालो नाही."

बाकी जगाचं ऐक. प्रोफेसर दोन दिवस घरातून निघाले नाहीत, पुस्तक छापून तयार होतं ना. तिसऱ्या दिवशी उजळलेल्या चेहऱ्याने आले. कळशी हे मौनाचं वाद्य आहे म्हणे. नवीन प्रकरण लिहितायत. वर्तमानपत्रात तुझा फोटो आलाय, खाली लिहिलंय, 'शिवण बाहेर: ताराबेलाची धाडसी नवी दिशा'. जपानी लोकांनी उलटे कोट मागवलेत. काल बसमध्ये एक पोरगी बघितली, कोट उलटा, मानेवर नावाची पट्टी, पाय ऐटीत. मी विचारलं, काय गं, उलटा का? तर माझ्याकडे खालून वर बघून म्हणाली, "आजी, तुम्हाला नाही कळायचं."

मास्तर रोज सकाळी शिवणघरात येतात. विचारतात, "सराव?" मी म्हणते, "चालू आहे," आणि कळशी उचलून खिडकीपर्यंत नेऊन परत आणते. ते डोळे मिटून ऐकतात.

ही तुझी कळशी परत पाठवत नाही. हवी असेल तर मागायला ये.

तावी


सेर्रालूपो, २१ जून

तावी,

पार्सल आलं. मला वाटलं कळशी परत पाठवलीस. तर कोट.

सुनेने डबा उघडला, मी आधी मानेवरची पट्टी बघितली, मग बटणं. व्हायोलिनच आहेत. बरं केलंत. इतक्या वर्षांची चूक, एकदम काढून टाकली तर थंडी वाजेल.

उजवा खांदा उतरता. मास्तरांनी स्वतः बोटांनी मोजून कापला असं चिठ्ठीत लिहिलंयस, डोळ्यांनी दिसत नसताना. कागद नाही, पुतळा नाही, नुसतं त्या दिवशी हाताला लागलं ते लक्षात ठेवून. बसला गं. सुलटा. आरशासमोर बराच वेळ उभी होते, बेकरी उशिरा उघडली, लोकांनी शिव्या दिल्या.

गाव मात्र नाराज आहे. रविवारी घालून गेले तर कुणी हसलंच नाही. उबाल्दो पाद्री प्रवचनात अडखळला. नंतर येऊन म्हणाला, "नीवेस, तब्येत बरी आहे ना?" मग पोरी आल्या विचारायला, आतल्या शिवणी कुठे गेल्या, वर्तमानपत्रात तर बाहेर होत्या. म्हणून आता ठरवलंय, एका रविवारी हा सुलटा, एका रविवारी तुझा उलटा.

पण तुझा कोट तुझा आहे. सुलटा घातला तर त्याला डावा खांदा लागतो, तो इथे कुणाकडे नाही. तू ये आणि घाल. कुणी मेलेलं नसताना ये, एकदा. घरात नळ आलाय, पाण्याची गरज नाही, पण झऱ्याची वाट अजून आहे आणि तेवढीच अरुंद आहे.

दरीची बाजू तुझी.

ये. माझी कळशी घेऊन ये. व्हायोलिन मात्र तिकडेच ठेव, इथली मांजरं आजवर गुण्यागोविंदाने राहतायत.

नीवेस